रहम आणि हमदर्दी

हार्पर ली यांची 'टू किल अ मॉकिंगबर्ड' ही कादंबरी १९६० साली प्रसिद्ध झाली. काळ १९३०च्या दशकातला, स्थळ अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातले एक छोटे गाव. टॉम रॉबिन्सन या कृष्णवर्णीय मजुरावर एका गोऱ्या मुलीवरील बलात्काराचा आरोप आहे. मुलीच्या चेहऱ्याच्या उजव्या बाजूला मार बसलेला, म्हणजे मारणारा बहुधा डावखुरा. टॉमचा डावा हात तर लहानपणीच यंत्रात सापडून निकामी झालेला. वकील अ‍ॅटिकस फिंच हे दाखवून देतो. तरीही गोरी ज्युरी टॉमला दोषी ठरवते.

मुलीला कामात मदत का केलीस, या प्रश्नावर टॉम सांगतो की मला तिची दया आली. माझ्या मते तो इथेच बुडतो. काळ्याने गोरीची कीव करावी, हे त्या समाजाला सहन होणारे नव्हते.

उर्दू शिकवताना मी मुलांना 'रहम' आणि 'हमदर्दी' यांतला फरक सांगते. रहम करणारा वर उभा असतो. हमदर्द शेजारी बसतो. टॉमपाशी हमदर्दी होती. लेखिकेने मात्र त्याच्यावर रहमच केला. साक्षीच्या पिंजऱ्याबाहेर टॉम फारसा बोलत नाही. त्याचा मृत्यूही आपल्याला इतरांकडून कळतो.

२०१५ साली आलेल्या 'गो सेट अ वॉचमन'मध्ये हाच अ‍ॅटिकस कृष्णवर्णीयांच्या बरोबरीच्या हक्कांना विरोध करताना दिसतो. अनेक वाचक दुखावले. मला नवल वाटले नाही. रहम करणारा बरोबरी मान्य करीलच, असे कुठे आहे?