दोष कळवण्याचे शास्त्र

‘प्रोग्राम चालत नाही’ एवढीच तक्रार आली, तर तो लिहिणाऱ्याने काय करायचे? ब्रिटिश प्रोग्रामर सायमन टॅथम ह्यांनी दोष नीट कसे कळवावेत ह्यावर १९९९ साली इंग्रजीत लिहिलेला लेख ह्याच अनुभवातून आला आहे. टॅथम हे ‘पुटी’ ह्या मुक्त सॉफ्टवेअरचे कर्ते. मुक्त सॉफ्टवेअरचा मूळ प्रोग्राम कोणालाही पाहता व बदलता येतो; पण म्हणून त्यातले दोष आपोआप दिसत नाहीत. ते दुरुस्त करणारे पुष्कळदा आपला फावला वेळ देत असतात, आणि आपला संगणक त्यांच्यासमोर नसतो.

टॅथम ह्यांचा मुख्य मुद्दा असा, की दोष प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या डोळ्यांदेखत घडला पाहिजे. त्यासाठी कोणत्या क्रमाने काय केले, काय व्हावे असे वाटले होते आणि प्रत्यक्षात काय झाले, हे सांगावे. पडद्यावरचा संदेश, विशेषतः त्यातले आकडे, जसेच्या तसे उतरवावेत. गडबड झाली की मुंगसासारखे तुटून न पडता हरणासारखे जागीच थबकावे, हा त्यांचा सल्ला आम्हाला फार आवडला. घाईने दाबलेल्या बटणांनी पुरावाच पुसला जातो. कारणाविषयीचा तर्क जरूर कळवावा, पण लक्षणांच्या जागी नव्हे.

विज्ञानशिक्षकांना हे नियम ओळखीचे वाटतील. प्रयोगवहीचे नियम तरी ह्याहून वेगळे कुठे आहेत? ‘प्रोग्राम बिघडला’ हे अनुमान. ‘छपाईची आज्ञा देताच पडदा कोरा झाला’ हे निरीक्षण.

मात्र हा लेख प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या खुर्चीतून लिहिलेला आहे. पडद्यावरचे चुकीचे काय ते दोघांनाही वाचता येईल, असे त्यात गृहीत धरलेले दिसते. मराठीसाठी एवढे पुरत नाही. समजा, ‘दऱ्या’ असे टंकले आणि ‘दर्या’ उमटले. मराठी न जाणणाऱ्या प्रोग्रामरला दोन्ही रूपे सारखीच बरोबर वाटणार. डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्र झाला, हे त्याला कसे कळावे? म्हणून अपेक्षित आणि उमटलेले अशा दोन्ही रूपांची चित्रे शेजारीशेजारी द्यावीत. शब्दांचे अर्थ, फाँटचे नाव व प्रोग्रामची आवृत्तीही कळवावी. असा दोष मराठी वाचणाराच पकडू शकतो. आपण गप्प बसलो तर तो तसाच राहतो आणि मुले तेच वाचत राहतात.

ही उणीव धरूनही लेख शिक्षकांनी अवश्य वाचावा आणि वर्गात वापरावा, असे आम्ही सुचवतो. एका गटाने सापडलेला दोष कागदावर लिहावा. दुसऱ्या गटाने काहीही न विचारता, केवळ त्या कागदावरून तो पुन्हा घडवून पाहावा. घडला नाही, तर कागदावर काय लिहायचे राहिले ते मुलांनाच शोधू द्यावे.