कर्कश सुरांतील करुणा

कान दुखविणारे संगीत माणसाने मुद्दाम का ऐकावे? दिवाळीच्या दिवसांत तर हा प्रश्न अधिकच रास्त वाटेल. परंतु आपल्या रसव्यवस्थेत बीभत्सालाही शृंगाराइतकेच हक्काचे आसन आहे. तेव्हा अमेरिकेतील ‘चॅट पाइल’ या वाद्यवृंदाची ‘कूल वर्ल्ड’ (२०२४) ही ध्वनिमुद्रिका रसिकांनी निदान एकदा ऐकावी, असे मला वाटते.

ओक्लाहोमा सिटीतील या चौघांनी आपले नाव घेतले आहे ते टाकाऊ खडीच्या ढिगांवरून. त्याच राज्याच्या ईशान्य कोपऱ्यात पिचर नावाचे खाणींचे गाव होते. शिसे आणि जस्त काढून घेतल्यावर उरणाऱ्या खडीला तिकडे ‘चॅट’ म्हणतात. तिचे डोंगर गावाभोवती उभे राहिले, मुले त्यांवर खेळली आणि त्यांच्या रक्तात शिसे उतरले. १९८३ साली हा मुलूख सरकारच्या विषारी स्थळांच्या यादीत गेला. २००८ साली टॉर्नेडोने तडाखा दिला. २००९ साली नगरपालिकाच विसर्जित झाली. गाव उठले, ढीग उरले.

एवढे ठाऊक झाले, की या गोंगाटाचा अर्थ लागू लागतो. गिटार इतक्या खालच्या स्वरात लावलेली, की सुराऐवजी घरघरच ऐकू यावी; विजेच्या ड्रमचे ठोके यंत्रासारखे निर्विकार; आणि त्यांवर रेगन बुश असे टोपणनाव घेतलेला गायक गातो असे म्हणण्यापेक्षा बोलतो, विव्हळतो, ओरडतो. २०२२ च्या ‘गॉड्स कंट्री’मधील ‘व्हाय’ या गीतात बेघरांविषयी एकच साधा प्रश्न त्याने पुन्हापुन्हा विचारला होता. उत्तर मिळत नाही, म्हणून प्रश्नाचीच किंकाळी होते.

‘कूल वर्ल्ड’च्या दहा गीतांत ही नजर गावाबाहेर, साऱ्या जगाकडे वळली आहे. यात लाभ आहे, तशी हानीही आहे. आधीच्या मुद्रिकेतील दुःखाला रस्ता होता, चेहरा होता. येथे ते कधीकधी इतके विस्तारते, की त्याचा पत्ताच हरवतो. ‘नो वे आउट’ या अखेरच्या गीताचे नावच निराशेचा निकाल देऊन मोकळे होते. तो निकाल मला मान्य नाही. मात्र ‘शेम’मध्ये युद्धात बळी पडलेली बालके समोर येतात आणि जुगुप्सेच्या शेजारीच करुणा उभी राहते. येथे कलावंत जिंकला आहे.

या मंडळींना कोणी जगाविषयी उदासीन म्हणेल, तर ते मला पटणार नाही. ज्याला काहीच वाटत नाही, तो इतक्या तळमळीने ओरडत नाही. परकेपणाचे दुःख त्यालाच होते, ज्याला आपलेपणाची भूक आहे.

नव्या श्रोत्याने प्रथम ‘शेम’ ऐकावे आणि मग मागे वळून ‘व्हाय’. घरात लहान मुले असतील, तर ती झोपल्यावर.