श्रद्धावान जास्त जगतात का?

ज्येष्ठ वद्य नवमीच्या सुमारास ज्ञानेश्वर महाराजांची पालखी आळंदीहून दिघी, कळस ओलांडून विश्रांतवाडीला येते. त्या दिवशी आळंदी रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या कोणालाही एक गोष्ट जाणवते. साठी-सत्तरी ओलांडलेले कितीतरी स्त्री-पुरुष डोक्यावर बोचके किंवा तुळशी वृंदावन घेऊन झपाझप चालत असतात आणि त्यांना पंढरपूरपर्यंत सुमारे अडीचशे किलोमीटर जायचे असते. त्याच वयाचे आपल्या शेजारचे काका दुसरा मजला चढताना मध्ये थांबतात. मग निष्कर्ष तयारच असतो : श्रद्धा असली की प्रकृती चांगली राहते.

वर्तमानपत्रांच्या आरोग्य पुरवण्यांतून हाच निष्कर्ष ‘परदेशी संशोधनाने सिद्ध’ असा शिक्का मारून येतो आणि तिथून शाळेच्या फळ्यावर सुविचार म्हणून चढतो. सुविचाराला पुरावा मागायची आपल्याकडे पद्धत नाही. या लेखात आपण तो मागू.

रस्त्यावर चालताना जे दिसतात, ते चालू शकणारे असतात. ज्यांचे गुडघे गेले, ज्यांना अर्धांगवायू झाला, ज्यांचे हृदय थकले, ते गावी राहिलेले असतात. त्यांची विठ्ठलावरची श्रद्धा दिंडीतल्या कोणाहून तसूभरही कमी असेल असे नाही. जे गेल्या पाच-दहा वर्षांत वारले ते तर कोणत्याच मोजणीत नाहीत. म्हणजे आपण श्रद्धावानांचा नमुना घेतच नाही. धडधाकट श्रद्धावानांचा घेतो आणि त्याची तुलना सोसायटीतल्या सरसकट सगळ्यांशी करतो. संख्याशास्त्रातला हा जुना सापळा आहे. कारखान्यातील कामगारांचा मृत्युदर सर्वसाधारण लोकांपेक्षा पुष्कळदा कमी निघतो, कारण आजारी माणूस कामावर घेतला जात नाही किंवा टिकत नाही. त्यावरून कारखान्याचा धूर आरोग्यदायी असतो असे कोणी म्हणत नाही.

आता ते परदेशी संशोधन. रॉबर्ट हमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा १९९९ सालचा अभ्यास वारंवार उद्धृत होतो. अमेरिकेत १९८७ मध्ये झालेल्या एका राष्ट्रीय पाहणीत, धार्मिक सभांना किती वेळा जाता, असा प्रश्न होता. पुढील वर्षांत त्यांपैकी कोण वारले, हे नोंदींवरून शोधले गेले. कधीच न जाणारे आणि आठवड्यातून एकाहून अधिक वेळा जाणारे यांच्या विसाव्या वर्षीच्या अपेक्षित आयुर्मानात सुमारे सात वर्षांचा फरक निघाला. पुरवणीतली बातमी इथे संपते, मूळ निबंध मात्र पुढे चालू राहतो. त्याचे लेखक स्वतःच सांगतात, की या फरकाचा काही भाग आजारी माणसे घराबाहेर पडत नाहीत म्हणून आहे, आणि काही भाग माणसांचा गोतावळा व सवयी यांमुळे. हे सारे वजा केल्यावरही थोडा फरक उरतो, हे मान्य. पण मोजले काय, तर ‘जाणे’, ‘मानणे’ नव्हे. बायकोच्या आग्रहाखातर दर रविवारी जाणारा नास्तिक इथे श्रद्धावानांत जमा होतो आणि अंथरुणाला खिळून रोज प्रार्थना करणारी आजी ‘न जाणारी’ ठरते!

सवयींचा मुद्दा समजावायला विश्रांतवाडीबाहेर जायला नको. माळ घातलेला वारकरी मद्य-मांस वर्ज्य करतो. याच परिसरात बौद्ध वस्ती आहे. डॉ. आंबेडकरांनी १९५६ साली नागपूरला दिलेल्या २२ प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे, तशा हिंदू देवदेवतांना न मानण्याच्याही आहेत. एकाने देवासाठी दारू सोडली, दुसऱ्याने देव सोडताना दारूही सोडली, आणि तिसऱ्याने नुसत्या डॉक्टरांच्या धाकाने सोडली असेल. तिघांच्या यकृतांत कारण पाहून फरक पडतो, असे शरीरशास्त्र सांगत नाही.

इतक्यावर विषय मिटला, असे विवेकवादी मित्रांना वाटेल. आमच्या मते तो मिटत नाही. इस्राएलमध्ये किबुत्झ नावाच्या सामूहिक शेतीच्या वसाहती आहेत. जेरेमी कार्क आणि सहकाऱ्यांनी ११ धार्मिक आणि त्यांच्याशी जुळणाऱ्या ११ निधर्मी वसाहतींतील मृत्यूंची १९७० ते १९८५ या काळातील नोंद तपासून १९९६ साली प्रसिद्ध केली. निधर्मी वसाहतींत मृत्युदर जवळजवळ दुप्पट होता. शेजारपाजारचा आधार दोन्हीकडे सारखा, राहणीही बरीचशी सारखी. हा अभ्यास हसण्यावारी नेण्यासारखा नाही. तरी कोण कोणत्या वसाहतीत राहणार, हे कोणी चिठ्ठ्या टाकून ठरवले नव्हते, हे लक्षात ठेवायला हवे.

त्यासोबत ओल्गा स्तावरोवा यांचे २०१५ सालचे काम वाचावे. अनेक देशांची आकडेवारी तपासताना त्यांना असे आढळले, की धार्मिकांना आरोग्याचा लाभ दिसतो तो जिथे धार्मिक असणे ही सर्वसाधारण रीत आहे तिथे. इतरत्र तो दिसत नाही. क्विनीन गावाची रीत पाहून हिवताप बरा करत नाही. मग इथे जे मोजले जाते ते श्रद्धेचे बळ, की चारचौघांसारखे असण्याचे सुख? श्रद्धाळू गावात एकटा पडलेला नास्तिक लवकर खचत असेल, तर दोष त्याच्या नास्तिकपणाचा की एकटेपणाचा? आमचा कल दुसऱ्या उत्तराकडे आहे.

धर्माच्या नावाखाली भलतीच गोष्ट कशी दडते, याचे उदाहरण भारतातलेच आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहण्यांत मुस्लिम कुटुंबे सरासरीने गरीब असूनही त्यांच्यातील बालमृत्यू हिंदूंपेक्षा कमी दिसत. बरीच वर्षे हे कोडेच होते. मायकेल जेरूसो आणि डीन स्पिअर्स यांनी २०१८ साली दाखवले, की फरकाचे मूळ शौचालयाच्या वापरात होते. मुस्लिम कुटुंबांत तो अधिक होता, आणि अशा शेजारात राहणाऱ्या हिंदू मुलांनाही त्याचा फायदा मिळत होता. जंतूंना शेजाऱ्याचा धर्म कळत नाही, त्याचा संडास कळतो.

पाहण्यांना मर्यादा आहेत, तर सरळ प्रयोगच का करू नये? तेही झाले आहे. हर्बर्ट बेन्सन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतील सहा रुग्णालयांत हृदयाची बायपास शस्त्रक्रिया झालेल्या १८०२ रुग्णांचे तीन गट पाडले आणि २००६ साली निकाल दिला. कोणी आपल्यासाठी प्रार्थना करेल किंवा करणारही नाही, एवढेच दोन गटांना माहीत होते. त्यांतील ज्यांच्यासाठी प्रार्थना झाली त्यांच्यात ५२ टक्के, आणि ज्यांच्यासाठी झाली नाही त्यांच्यात ५१ टक्के रुग्णांना गुंतागुंत झाली. ज्यांना प्रार्थना होणार हे नक्की सांगितले होते, त्या तिसऱ्या गटात हे प्रमाण ५९ टक्के होते. ‘माझ्यासाठी प्रार्थना करायची वेळ आली?’ या धास्तीने असे झाले असेल, किंवा तो निव्वळ योगायोग असेल. प्रार्थना अपायकारक असते, असा अर्थ काढणारे नास्तिक पुरवणीवाल्यांचीच चूक उलट दिशेने करतात.

लिओनार्ड लायबोविची यांनी तर २००१ साली कमालच केली. १९९० ते १९९६ या काळात रक्तात जंतुसंसर्ग झालेल्या ३३९३ रुग्णांची नावे घेऊन त्यांनी चिठ्ठीपद्धतीने निम्म्यांसाठी २००० साली प्रार्थना करवली, म्हणजे ताप येऊन गेल्यावर किमान चार वर्षांनी! तरीही प्रार्थनेच्या गटात ताप आणि रुग्णालयातला मुक्काम कमी निघाला. ब्रिटिश मेडिकल जर्नलच्या नाताळ अंकात छापलेला हा निबंध वाचकांना जागे करण्यासाठी होता. शास्त्रीय आधाराशिवाय नुसते आकडे चाळले, तर काहीही सापडते.

एवढी चिकित्सा करायची ती कशासाठी? ‘श्रद्धावान निरोगी असतात’ हे वाक्य उलटे वाचले की ‘आजारी आहे, म्हणजे श्रद्धा कमी पडली’ असे होते. ज्या मुलाची आई कर्करोगाने अंथरुणाला आहे, ते मूल फळ्यावरचा सुविचार तसाच वाचणार. शिवाय श्रद्धेने भागते म्हणून उपचार टाळले जातात. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारांपासून अडवणे त्यात गुन्हा ठरवले आहे. भजन, कीर्तन, यात्रा यांना तो हात लावत नाही.

वर्गात हा विषय घ्यायचा असेल तर मुलांना आपापल्या आजी-आजोबांचा तक्ता करायला सांगावे : वय, रोजचे चालणे, तंबाखू, देवळात, विहारात, मशिदीत किंवा चर्चमध्ये जाणे, चालू असलेली औषधे. तक्ता भरून झाला की, ज्यांचे आजी-आजोबा हयात नाहीत त्यांच्या ओळी कुठे आहेत, ते विचारावे. बहुतेक मुलांनी त्या आखलेल्याच नसतात.