वतन आणि मालकी : एका मथळ्याविषयीं

मिरासपत्र, खरेदीखत किंवा महजर छापतांना “अमक्याची पाटीलकीवरील मालकी” अशा धर्तीचा मथळा वर घालण्याचा मोह संपादकांस अनेकदां होतो. मथळा सुटसुटीत दिसतो खरा. पण त्यानें खालच्या मजकुराचा अर्थ बिघडतो, असें आमचें मत आहे. मूळ कागदांत येतात ते शब्द वतन, मिरास, हक्क, लवाजिमा, मानपान हे होत. यांपैकीं एकाचाहि अर्थ आजच्या “मालकी”शीं पुरता जुळत नाहीं.

या घोटाळ्याचें मूळ जुनें आहे. पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाविषयीं एल्फिन्स्टननें १८१९ सालीं जो अहवाल लिहिला, त्यांत मिरासदारांस त्यानें जमिनीचे मालक ठरविलें. कारण त्यांची जमीन वंशपरंपरेची व विकतां येण्याजोगी होती. परंतु तोच अहवाल असेंहि सांगतो कीं, सारा थकून जमीन सुटली तरी मिरासदारास ती दीर्घ काळानंतर सरकारदेणें भरून परत मागतां येई. मधल्या काळांत एखाद्या उपऱ्यानें ती कसली, एवढ्यानें मिरास बुडत नसे. जी वस्तु हातची जाऊनहि जात नाहीं, तिला मालमत्ता म्हणावें कीं गांवांतील ठाव म्हणावा? एल्फिन्स्टनची नजर तीक्ष्ण होती. शब्द मात्र त्यानें आपल्या देशचा वापरला.

निमे पाटीलकी विकल्याचे कागद या दृष्टीनें फार बोलके आहेत. त्यांत इनाम जमिनीचा उल्लेख दोन ओळींत आटोपतो आणि कलमांवर कलमें चालतात तीं निराळ्याच गोष्टींचीं : शिरपाव आधीं कोणीं घ्यावा, टिळाविडा प्रथम कोणास, होळीची पोळी कोणाची, पोळ्याला कोणाचा बैल पुढें. घेणारास उत्पन्नाचा वांटा मिळे. वडीलपणाचा मान पुष्कळदां विकणाराच राखून ठेवी. आणि हा व्यवहार पक्का होण्यास दोघांची राजीखुशी पुरत नसे. गोताची साक्ष लागे, सरकारांत नजर भरावी लागे. कागदाच्या शेवटीं पाटलाचा नांगर, न्हाव्याचा आरसा अशा निशाण्या उमटतात, त्या शोभेसाठीं नव्हेत. वतन कोणाचें, हें त्या निशाण्यांनीं ठरत असे.

आपल्या धर्मशास्त्रकारांस हा प्रश्न ठाऊक नव्हता असें नाहीं. नीलकंठ भट्टानें व्यवहारमयूखांत, मीमांसेचा आधार घेऊन, राजा पृथ्वीचा स्वामी नसून करापुरताच अधिकारी आहे आणि शेताचें स्वत्व भूमिकांचें आहे, असें म्हटलें आहे. पुढें इंग्रजी कायद्यानेंहि मालक हा शब्द जपूनच वापरला. १८७४ च्या वतन कायद्यानें सरकारच्या मंजुरीवांचून वतन वतनदारांबाहेर देण्यास मनाई केली. वतनें गेलीं, तरी १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेंत व आजच्या सातबाऱ्यावर शब्द आहे तो “भोगवटादार” हा. एकंदरींत मालकाविषयीं सरकारी तलाठी आमच्या कित्येक प्रस्तावनाकारांहून अधिक सावध !

मथळ्याच्या चुकीपाठोपाठ दुसरी हानि होते, ती आम्हांस अधिक लागते. कागद मालकीचा, असें एकदां धरलें कीं घेणार, देणार, रक्कम व मिति एवढेंच महत्त्वाचें वाटूं लागतें. मग साक्षी गाळून “पुढें साक्षी व निशाण्या” एवढ्यावर भागविलें जातें. पुराव्याचा जीवच तेथें कापला जातो. संग्राहकांकडूनहि असेंच घडतें. सुंदर शिक्क्याचा एकच कागद रुमालांतून काढून घेतला, तर त्याच तंट्याची प्रतिवाद्याची करीना व भाऊबंदाकडील नक्कल मागें राहते, आणि हातीं आलेला कागद एकाच पक्षाची कैफियत बोलत राहतो.

यापुढें वतनी कागद छापणारांनीं साक्षीदारांचीं नांवें त्यांच्या हुद्द्यांसह व निशाण्या जशाच्या तशा द्याव्या. पाठीवरील शेरा व जोडावरचा शिक्का यांची नोंद असावी, आणि कागद कोणत्या घराच्या रुमालांतला व त्याचे सोबती कोठें आहेत तेंहि लिहावें. मथळ्यांत कागदाचाच शब्द ठेवावा.