लग्नचौक आणि वारली तरुणांची चित्रनिर्मिती : एक पुनर्विचार

वारली चित्रकलेसंबंधी जे लेखन होते त्यात 'आदिम' आणि 'निरागस' ही दोन विशेषणे वारंवार आढळतात. दोन्ही गौरवार्थी योजिलेली असतात. तथापि त्यांचा परिणाम चित्र काढणाऱ्या माणसाला काळाबाहेर नेऊन ठेवण्याचा होतो. जो काळाबाहेर आहे त्याला इतिहास नसतो, वय नसते आणि मतही नसते. डहाणू, तलासरी, विक्रमगड, जव्हार, मोखाडा या तालुक्यांतील एखादा तरुण आज हाती कुंचला घेतो तेव्हा त्याच्या निर्मितीचे मूल्यमापन याच दोन शब्दांनी केले जाते. त्याने नवे काही काढले तर परंपरा मोडली म्हणून नाराजी आणि जुनेच काढले तर परंपरा टिकविली म्हणून शाबासकी, असा हा न्याय आहे. चित्र चांगले की वाईट, हा प्रश्न त्यात उपस्थितच होत नाही. तो प्रश्न पुन्हा विचारण्याची आवश्यकता दाखविणे आणि त्यासाठी काही निकष सुचविणे, एवढाच प्रस्तुत विवेचनाचा हेतू आहे.

१

आरंभ लग्नचौकापासून करणे युक्त ठरेल. वारल्यांच्या घरी लग्न असते तेव्हा कुडाची भिंत शेणामातीने सारवून तिच्यावर गेरू देतात आणि तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रंगाने चौक लिहितात. 'लिहितात' हाच शब्द तेथे रूढ आहे, ही गोष्ट लक्षणीय आहे. ज्या समाजाला स्वतःची लिपी नव्हती त्याने चित्राला लेखन म्हणावे, याचा अर्थ चौक ही त्याच्या दृष्टीने शोभेची वस्तू नव्हती. तो एक दस्तऐवज होता. दोन कुळांचा संबंध जुळल्याची ती नोंद होती आणि तिला साक्षी देवतेची होती.

चौक लिहिण्याचा अधिकार सवाशिणींचा. चौकाच्या मध्यभागी पालघट ही सुफलतेची देवी असते. तिच्याभोवती नक्षीच्या पट्ट्यांचा चौरस आणि आसपास सूर्य, चंद्र, फणी, शिडी, झाडे, माणसे व जनावरे असतात. देवचौकात घोड्यावर बसलेला पाच शिरांचा देव येतो. धवलेरी, म्हणजे लग्नाची गाणी म्हणणारी आणि विधी चालविणारी स्त्री, या चौकासमोर गाते. तिच्या गाण्यावाचून लग्न लागले असे मानीत नाहीत. पुरुषप्रधान पुरोहितवर्गाची सवय असलेल्या वाचकाने येथे क्षणभर थांबले पाहिजे. लग्नासारखा समाजाचा मूलभूत संस्कार येथे स्त्रीच्या वाणीने आणि स्त्रियांच्या बोटांनी पुरा होतो.

रचनेच्या दृष्टीने पाहता चौक हे केंद्राभिमुख चित्र आहे. दृष्टी कोठूनही निघाली तरी ती अखेर चौरसाशी येऊन थांबते. मानवाकृती दोन त्रिकोणांची टोके जुळवून उभी केलेली असते. तिला चेहरा नसतो. ती कोणा एकाची प्रतिमा नसून माणूस या जातीचे चिन्ह असते. येथे वेगळेपणा दाखविणे हे चित्राचे कामच नाही. सामावून घेणे हे आहे. पाड्यावरची मुलगी थोरल्यांच्या जोडीला बसून प्रथम पट्टीतील साधी नक्षी आणि मग आकृती शिकत असे. म्हणजे तरुणपणीची निर्मिती आणि समाजात प्रवेश या दोन गोष्टी एकाच भिंतीशी घडत. आज ज्याला कलाशिक्षण म्हणतात ते तेथे समाजजीवनापासून निराळे काढता येत नव्हते.

२

हे वर्णन येथेच थांबविले तर ते पुन्हा 'निरागस' या शब्दाकडे घसरण्याचा धोका आहे. कारण ज्या लग्नासाठी चौक लिहिला जाई त्या लग्नाची एक दुसरीही बाजू होती. लग्नाच्या खर्चासाठी जमीनदाराकडून वा सावकाराकडून कर्ज घ्यावे लागे आणि ते फेडण्यासाठी नवरा-बायको दोघांनाही त्याच्या घरी राबावे लागे. अशा माणसाला 'लग्नगडी' म्हणत. कर्ज फिटत नसे आणि गुलामी संपत नसे. १९४५ साली किसान सभेच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध उठाव केला. त्याच वर्षी १० ऑक्टोबर रोजी तलवाडा येथे जमलेल्या आदिवासींवर पोलिसांनी गोळीबार केला व त्यात पाच जण मृत्युमुखी पडले. या लढ्याची हकीकत गोदावरी परुळेकर यांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या ग्रंथात सांगितली आहे. १९७० साली प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथास १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

आता प्रश्न असा की, ज्या भिंतीवर सुफलतेची देवी लिहिली जात होती त्याच भिंतीआड गुलामीचा करार जन्म घेत होता, याची काही खूण चौकात सापडते काय? सापडत नाही. चौकात सावकार नाही, चाबूक नाही, कर्जाचा कागद नाही. या अभावाचे दोन अर्थ संभवतात. एक असा की, विधिचित्रात सुफलतेस बाधक असे काही येऊ देत नाहीत. जे असावे ते तेथे लिहायचे असते. जे आहे त्याची नोंद करायची नसते. दुसरा अर्थ असा की, चौक लिहिताना निदान एका भिंतीपुरता तरी सावकाराचा अधिकार नाकारला जात असे. दोहोंपैकी कोणता अर्थ ग्राह्य मानावा, हे चित्रावरून निश्चित ठरविता येत नाही. तथापि एक गोष्ट निश्चित ठरते. चौकातील प्रसन्नता ही दुःखाच्या अज्ञानातून आलेली नाही. ज्यांनी दुःख पुरेपूर भोगले त्यांनी ते भिंतीबाहेर ठेवले होते. निरागसता आणि संयम यांत भेद आहे; आणि वारली चित्राच्या टीकाकारांनी हा भेद क्वचितच केला आहे.

३

१९७० नंतरच्या दशकात भास्कर कुलकर्णी हे चित्रकार या भागात आले आणि त्यांनी भिंतीवरचे चित्र कागदावर उतरविण्यास उत्तेजन दिले. त्यातून जिव्या सोमा म्हसे (१९३४–२०१८) यांचे नाव पुढे आले. गंजाडजवळील कळंबीपाड्याच्या या चित्रकाराची कृती १९८९ साली पॅरिस येथील पाँपिदू केंद्राने योजिलेल्या जागतिक प्रदर्शनात मांडली गेली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. या घटनांचे वर्णन सामान्यतः यशोगाथेच्या सुरात होते. चित्राच्या अंतरंगात काय बदलले, याकडे मात्र पुरेसे लक्ष गेलेले नाही.

पहिला बदल केंद्राचा आहे. कागदावर विधी नाही, म्हणून चौरसही अनिवार्य राहिला नाही. चौरस निघून गेल्यावर जी जागा मोकळी झाली ती कोणी घेतली? पुष्कळ चित्रांत ती तारपा नाचाने घेतली. भोपळा आणि बांबू यांपासून केलेला तारपा वाजविणारा मध्ये असतो आणि त्याच्याभोवती तरुण-तरुणी एकमेकांना धरून वळत जातात. वादकाकडे पाठ फिरवायची नाही, हा या नाचाचा दंडक. चौकाच्या आसपास जे नर्तक गौण स्थानी असत ते आता मध्यवर्ती झाले. देवीच्या जागी नाचणारा समाज, विशेषतः त्यातील तरुण वर्ग आला, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. यास केवळ लौकिकीकरण म्हणणे अपुरे आहे. कारण सुफलतेची जी कल्पना पालघटीत होती तीच या फिरत्या साखळीत दुसऱ्या रूपाने टिकून राहिली आहे.

दुसरा बदल गतीचा आहे. म्हसे यांच्या मासेमारीच्या चित्रांत जाळे हाच विषय होतो. सूक्ष्म रेषांचे ते विणकाम सगळा पट व्यापते आणि माणसे त्याच्या काठाशी लहान होऊन उभी राहतात. चौकातील स्थिरता येथे संपूर्णपणे मागे पडली आहे. परंपरेतील कोणत्याही सवाशिणीने असे चित्र लिहिले नसते. तरीही त्यातील एकही आकृती परंपरेबाहेरची नाही. स्वतंत्र प्रतिभा आणि समाजाची भाषा यांचे नाते कसे असते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

तिसरा बदल अधिकाराचा असून तो सर्वांत कमी चर्चिला गेला आहे. भिंतीवर लिहिणाऱ्या स्त्रिया होत्या. कागदावर काढणारे बहुतांशी पुरुष झाले. चित्र विक्रीयोग्य झाले, शहराशी व्यवहार करावा लागला, प्रवास करावा लागला आणि या सर्व वाटा पुरुषांना अधिक मोकळ्या होत्या. भिंतीवरचा चौक निनावी होता, कागदाला सही आवश्यक झाली. आणि ज्यांनी ही लिपी घडविली त्या सहीच्या वेळी अनुपस्थित राहिल्या. म्हसे यांच्या प्रतिभेस यामुळे उणेपणा येत नाही. परंतु 'समाजाची कला जगभर पोहोचली' असे विधान करताना त्या समाजाचा कोणता भाग घरीच राहिला, हे सांगणे टीकाकाराचे कर्तव्य आहे.

४

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला. या जिल्ह्यातील आजच्या तरुण चित्रकारापुढील परिस्थिती म्हसे यांच्या तरुणपणाहून सर्वथा भिन्न आहे. तो आश्रमशाळेत शिकलेला असतो. बोईसर-तारापूरची कारखानदारी त्याच्या दाराशी आहे. त्याचे आप्त हंगामात वीटभट्ट्यांवर जातात. चित्रकला हे त्याच्यापुढील उपजीविकेचे एक साधन आहे. साड्या, पेले, शुभेच्छापत्रे आणि कार्यालयांच्या भिंती यांवर तारप्याचे वर्तुळ इतक्या वेळा उमटले आहे की, ते जवळजवळ मुद्रेसारखे झाले आहे.

या स्थितीस सरसकट ऱ्हास म्हणणे अन्यायाचे आहे. पोट भरण्यासाठी काढलेले चित्र तेवढ्यानेच वाईट ठरत नाही. परंतु चांगल्या-वाईटाची परीक्षा मात्र करता येते आणि तिच्यासाठी तारप्याचे वर्तुळच उपयोगी पडते. सामान्य चित्रात सर्व नर्तक एकसारखे, समान अंतरावर, छाप मारल्यासारखे दिसतात. कित्येकदा त्यांच्या पाठी वादकाकडे झालेल्या असतात, आणि मूळ नाचात जो दोष मानला जातो तो चित्रकाराच्या लक्षातही येत नाही. चांगल्या चित्रात साखळी कोठे दाट, कोठे विरळ होते. वळणावर शरीरे कलतात. पुढच्याची ओढ मागच्याला लागते. पहिल्या प्रकारात वर्तुळ पाहून काढलेले असते, दुसऱ्यात ते नाचून काढलेले असते. समाजजीवनाशी कलेचा संबंध आहे की नाही, याचा निर्णय भाषणांवरून न करता रेषेवरून करता येतो, तो असा.

गंजाडच्याच राजेश वांगड यांचे काम याहून पुढचा प्रश्न उपस्थित करते. छायाचित्रकार गौरी गिल यांच्यासह २०१३ पासून त्यांनी केलेल्या चित्रमालिकेत परिसराची कृष्णधवल छायाचित्रे आहेत आणि त्यांवर वांगड यांनी शाईने रेखाटन केले आहे. कॅमेऱ्याला जेथे उघडी टेकडी दिसते तेथे रेषा झाडे, जनावरे, देव आणि माणसे उभी करते. आणि जुन्या कथांच्या शेजारी जमिनीवर झालेले आघातही येतात. छायाचित्र वर्तमान सांगते, रेखाटन स्मरण सांगते, आणि दोहोंतील विसंगती हाच चित्राचा आशय होतो. चौकाने जे भिंतीबाहेर ठेवले होते ते येथे प्रथमच चित्राच्या आत आले आहे. मयूर व तुषार वायेडा या गंजाडच्या बंधूंच्या पिढीलाही ही वाट मोकळी झालेली आहे. ही परंपरेची हानी आहे काय? चौकाला 'लेखन' म्हणणाऱ्या समाजाच्या दृष्टीने पाहिले तर ही परंपरेची पूर्तता ठरते. पूर्वी लग्नाची नोंद झाली. आता भूमीची होत आहे. तथापि याही चित्रांचा प्रेक्षक बहुतांशी पाड्याबाहेरचा आहे, ही मर्यादा नजरेआड करता येत नाही. चौकासमोर धवलेरी गात असे आणि सगळा पाडा ऐकत असे. प्रदर्शनातील चित्रासमोर पाडा उपस्थित नसतो.

वारली चित्रकलेस २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, हे या संदर्भात महत्त्वाचे आहे. त्यामुळे नावाचे रक्षण होते. परंतु मानांकन उगमस्थान सांगते, गुणवत्ता ठरवीत नाही. आणि एखाद्या तरुणीने स्वतः योजिलेल्या रचनेवरील तिचा व्यक्तिगत हक्क त्यातून आपोआप सिद्ध होत नाही. समाजाची मालकी आणि व्यक्तीचे कर्तृत्व यांचा मेळ घालण्याचे काम कायद्याने अर्धेच केले आहे. उरलेले अर्धे टीकेचे आहे.

५

वरील विवेचनावरून तीन निकष सुचविता येतात. पहिला रचनेचा : चित्राला केंद्र कोणते आणि ते का, याचे उत्तर चित्रातून मिळते काय? दुसरा अनुभवाचा : रेषेत नाच, शेत, जाळे यांचा देहाने घेतलेला अनुभव आहे की केवळ पाहिलेल्या चित्राची आठवण आहे? तिसरा साक्षीचा : चित्र कोणासमोर उभे राहते, आणि ज्यांच्याविषयी ते बोलते त्यांना त्यात स्वतःचे बोलणे ओळखता येते काय? या निकषांनी म्हसे यांची जाळ्याची चित्रे श्रेष्ठ ठरतात, वांगड यांची मालिका तिसऱ्या निकषाशी अडखळूनही मोठी ठरते, आणि बाजारातील बहुसंख्य वर्तुळे दुसऱ्याच निकषाशी थांबतात.

लग्नचौक मात्र या तुलनेत मागे पडलेला नाही. आजही अनेक पाड्यांवर तो लिहिला जातो, आणि लग्न उरकल्यावर धुराने, पावसाने, नव्या सारवणाने नाहीसा होतो. त्याला सही नाही, किंमत नाही. तरीही तिन्ही निकष तो सहज पार करतो. म्हणून या जिल्ह्यातील तरुणांच्या निर्मितीचा अभ्यास करू इच्छिणाऱ्याने दालनात जाण्यापूर्वी त्या भिंतीकडे जावे, आणि चित्रकाराचे नाव विचारताना चौक लिहिणाऱ्या मुलीचेही नाव विचारावे. जोपर्यंत ते नाव नोंदले जात नाही तोपर्यंत वारली चित्रकलेचा इतिहास अपुरा राहील.