निवडून आलेला सरकारी वकील आणि त्याची गोष्ट

'सरकारी वकील निवडून आला' हे वाक्य मराठी कानाला खटकते. आपल्याकडे सरकारी वकील नेमला जातो. त्याला मते मागावी लागत नाहीत की आपल्या आईवडिलांविषयी सभेत बोलावे लागत नाही. चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट' (२०१४) या चित्रपटातली सरकारी वकील आठवून पाहावी. ती लोकलने घरी जाते, मुलाला पाळणाघरातून घेते, स्वयंपाक करते. आणि कोर्टात उभी राहिली की एका वृद्ध लोकशाहिराविरुद्ध जुन्यापान्या कायद्यांतली कलमे सपाट आवाजात वाचून दाखवते. तिला स्वतःची अशी गोष्ट नाही, आणि ती असावी अशी कोणाची अपेक्षाही नाही.

अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत हे पद लोकांच्या मतांवर मिळते. तिथे वकील आधी उमेदवार असतो, आणि उमेदवाराला गोष्ट लागते. सॅन फ्रान्सिस्कोचे चेसा बूडीन यांच्याकडे ती जन्मापासूनच होती. २० ऑक्टोबर १९८१ रोजी त्यांचे आईवडील, कॅथी बूडीन आणि डेव्हिड गिल्बर्ट, चौदा महिन्यांच्या मुलाला सांभाळणाऱ्या बाईकडे सोडून गेले ते परतलेच नाहीत. न्यूयॉर्क राज्यात ब्रिंक्स कंपनीच्या गाडीवर पडलेल्या सशस्त्र दरोड्यात ते सामील होते. त्यात दोन पोलीस आणि एक रक्षक मारले गेले. मुलगा शिकागोत बिल एअर्स आणि बर्नार्डिन डोर्न या त्यांच्या जुन्या सहकाऱ्यांच्या घरी वाढला, येलमध्ये शिकला, ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला गेला आणि पुढे सॅन फ्रान्सिस्कोत गरीब आरोपींची बाजू मांडणारा वकील झाला. आईवडिलांना भेटण्यासाठी तुरुंगाच्या दारात लावलेल्या रांगा या त्याच्या पहिल्या आठवणी. २०१९च्या प्रचारात ही आठवण केंद्रस्थानी होती. निसटत्या बहुमताने तो निवडून आला.

मराठी वाचकाला इथे लगेच कर्ण आठवेल. जन्मदात्यांनी सोडलेला, दुसऱ्याच्या घरी वाढलेला, गुणांनी वर आलेला. 'मृत्युंजय'ने आणि 'राधेय'ने आपल्या दोन-तीन पिढ्यांना शिकवले आहे की अशा माणसाच्या बाजूने उभे राहावे. माझा आक्षेप नेमका इथे आहे. या दोन कादंबऱ्यांची ताकद अशी, की द्यूतसभेतला कर्ण समोर येतो तोवर वाचकाने त्याला मनातून माफ केलेले असते. कादंबरीत हे चालते. पण ज्याच्या हाती आरोप ठेवण्याचा आणि न ठेवण्याचा अधिकार आहे, त्याच्याविषयी वाचकाने, म्हणजे मतदाराने, आधीच माफी किंवा आधीच शिक्षा ठरवून टाकली, तर त्याचे काम वाचायचे कोणी?

आणि काम वाचण्यासारखे होते. जानेवारी २०२०मध्ये पदावर येताच त्यांनी जामिनासाठी रोख रक्कम मागणे आपल्या कार्यालयापुरते बंद केले. पैसा असलेला आरोपी घरी आणि नसलेला कोठडीत, हा भेद त्यांना मोडायचा होता. कर्तव्यावर असताना एका माणसाला ठार करणाऱ्या पोलिसावर त्या शहरात प्रथमच मनुष्यवधाचा आरोप त्यांनी ठेवला. फेब्रुवारी २०२२मध्ये त्यांनी एक भयंकर गोष्ट उघड केली: बलात्काराच्या तपासणीत एका स्त्रीने दिलेला डीएनए पोलिसांच्या प्रयोगशाळेने जपून ठेवला होता आणि पुढे तिलाच दुसऱ्या गुन्ह्यात आरोपी करण्यासाठी वापरला होता. तिच्यावरचा आरोप त्यांनी मागे घेतला. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाने अशा वापरावर कायद्याने बंदी आणली.

दुसरी बाजूही तितकीच खरी. ३१ डिसेंबर २०२०ला पॅरोलवर असलेल्या एका माणसाने चोरीच्या गाडीने दोन पादचारी स्त्रियांना चिरडले. त्याआधीच्या महिन्यांत तो पुन्हा पुन्हा पकडला गेला होता आणि बूडीन यांच्या कार्यालयाने नवे आरोप न ठेवता प्रकरण पॅरोल अधिकाऱ्यांवर सोपवले होते. महिन्याभराने ८४ वर्षांच्या एका थाई वृद्धाचा धक्का देऊन बळी घेतला गेला. त्यातल्या आरोपीच्या वागण्याविषयी बोलताना बूडीन यांनी लहान मुलाच्या त्राग्यासाठी वापरतात तो शब्द वापरला. आपण हल्ल्याविषयी नव्हे, त्याआधीच्या वागण्याविषयी बोलत होतो, असा खुलासा त्यांनी नंतर केला. पण ज्या घरातला म्हातारा गेला त्या घराने तो शब्द ऐकला होता. मी समीक्षक आहे, शब्दांकडे पाहणे हे माझे काम. आणि मला वाटते, त्यांच्या अपयशाचा एक धागा या एका शब्दात सापडतो. आरोपीला माणूस म्हणून पाहण्याची भाषा त्यांच्याकडे घरातून आली होती. मेलेल्याच्या घरी जाऊन बोलण्याची भाषा त्यांना कमवावी लागणार होती, आणि ती वेळेत कमावली गेली नाही.

७ जून २०२२ रोजी सुमारे ५५ टक्के मतदारांनी त्यांना मुदतीआधीच माघारी बोलावले. महिन्याभरापूर्वीच आईचे निधन झाले होते. वडील काही महिन्यांपूर्वी, चाळीस वर्षांनी, सुटून आले होते.

या उदयास्ताचे दोन पाठ प्रचलित आहेत. मित्रांच्या पाठात धनिकांनी लाखो डॉलर ओतून एका सुधारकाला पाडले. पैसा ओतला गेला हे खरेच आहे, पण मते देणारे बहुसंख्य लोक धनिक नव्हते; हा पाठ त्यांना बाहुल्या समजतो. विरोधकांच्या पाठात अतिरेक्यांच्या मुलाने शहर गुन्हेगारांना आंदण दिले. हा पाठ विसरतो की वकिलासमोर तेवढीच प्रकरणे येतात जेवढी पोलीस पकडून आणतात, आणि त्याच काळात महासाथीने शहराचे रस्ते रिकामे केले होते. त्यांच्या जागी आलेल्या ब्रूक जेंकिन्स यांनी कडक धोरण आणले, त्या पोलिसावरचा खटलाही मागे घेतला. तरी २०२३ साली शहरात अमली पदार्थांच्या अतिसेवनाने ८००हून अधिक माणसे दगावली, तोवरचा उच्चांक. याचा दोष जेंकिन्स यांच्या माथी मारणे जितके चूक, तितकेच आधीचे सगळे बूडीन यांच्या माथी मारणे चूक. गंमत अशी की दोन्ही पाठांचा नायक आणि खलनायक एकच, पुरावाही एकच: तुरुंगातले आईवडील.

आपल्याकडे वकील निवडून येत नाही म्हणून आपण या मोहातून सुटलो, असे समजण्याचे कारण नाही. कसाबने तुरुंगात बिर्याणी मागितल्याची गोष्ट देशभर सांगितली गेली. त्याच्याविषयी निर्माण होत असलेली भावनेची लाट थोपवण्यासाठी ती आपण रचली होती, असे विशेष सरकारी वकील उज्ज्वल निकम यांनीच २०१५मध्ये जाहीरपणे सांगितले. खटल्यात पुरावा भक्कम होता. गोष्टीची गरज कोर्टाला नव्हती, कोर्टाबाहेरच्या आपल्याला होती.

मग अशा माणसाविषयी लिहायचे कसे? मला एक वाट 'फिली डीए' (२०२१) या आठ भागांच्या अमेरिकी माहितीपट-मालिकेत दिसते. फिलाडेल्फियाचे निवडून आलेले वकील लॅरी क्रॅस्नर हा तिचा विषय. पण कॅमेरा त्यांच्या बालपणात रमत नाही, कार्यालयात बसतो. बैठका, धोरणांवरून होणारी भांडणे, जुन्या कर्मचाऱ्यांची नाराजी, सुधारणेवर विश्वास नसलेली माणसे, सगळे तिथे आहे. नायकाविषयी मालिकेला सहानुभूती आहे, आणि ती कधीकधी जास्तच होते. तरीही तो काय ठरवतो आणि त्याची किंमत कोण मोजतो, हे प्रेक्षकाला दिसत राहते.

बूडीन यांच्यावर असे लेखन व्हावे अशी माझी इच्छा आहे. त्यात तुरुंगाच्या दारातल्या रांगेत उभा असलेला मुलगा जरूर असावा. पण ब्रिंक्सच्या दरोड्यात मारल्या गेलेल्या तिघांची घरेही असावीत, जिचा डीएनए तिच्याच विरुद्ध वापरला गेला ती स्त्री असावी, आणि २०१९मध्ये त्यांना मत देऊन २०२२मध्ये त्यांच्याविरुद्ध मत देणारा एखादा साधा दुकानदारही असावा. त्याने दोन्ही वेळा काय विचार केला, हे अजून कोणी त्याला नीट विचारलेले माझ्या वाचनात नाही.