अस्थिभंगोत्तर शुश्रूषा आणि रुग्णाची साक्ष

‘पाय घसरला आणि हाड मोडले’ हे वाक्य मराठीत इतके रुळलेले आहे की, त्यात एक संपूर्ण निदान सामावलेले आहे हे सहसा ध्यानी येत नाही. पडणे हे कारण आणि मोडणे हे कार्य. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानातही भग्नाच्या कारणांत पतनाचा निर्देश आरंभीच येतो. परंतु उभ्या उभ्या पडण्याने जेव्हा उतारवयातील स्त्रीचे खुब्याचे हाड मोडते, तेव्हा ते हाड मुळातच ठिसूळ झालेले असण्याचा संभव मोठा असतो. पडणे हे निमित्त होय.

अशा अस्थिभंगानंतरच्या शुश्रूषेविषयी रुग्णांच्या मुलाखती घेऊन केलेले संशोधन गेल्या काही दशकांत बरेच झाले आहे. रुग्ण आपल्या अस्थिभंगाला अपघात समजतो आणि ठिसूळपणाशी त्याचा संबंध जोडत नाही, ही त्यातील वारंवार आढळणारी नोंद. यावरून रुग्णांचे प्रबोधन केले पाहिजे, असा निष्कर्ष सहज काढला जातो. हा निष्कर्ष उतावळा आहे. रुग्णालयातून घरी जाताना हाती पडणाऱ्या कागदावर पुष्कळदा कोणते हाड मोडले, कोणती शस्त्रक्रिया झाली, टाके केव्हा काढावयाचे एवढेच लिहिलेले असते; हाड का मोडले याविषयी अवाक्षर नसते. तेव्हा रुग्ण जे सांगतो ते त्याचे खासगी अज्ञान नव्हे, त्याला मिळालेल्या उपचाराचीच ती नक्कल असते. ज्याने धडा दिलाच नाही त्याने उत्तरपत्रिकेतील चुका मोजाव्यात, तसा हा प्रकार आहे.

तथापि रुग्णाची साक्ष सर्वस्वी प्रमाण मानण्याची जी नवी रीत पडू पाहत आहे, तिलाही मर्यादा आहे. अस्थिछिद्रता हाड मोडेपर्यंत दुखत नाही. जे अनुभवालाच येत नाही त्याची साक्ष अनुभव कशी देणार? मणक्यांचे बहुसंख्य अस्थिभंग तर निदानावाचूनच राहतात. धानाच्या रोवणीत उभे आयुष्य वाकून काढलेल्या बाईची पाठ वाकली, तर ‘कामाने वाकली’ असेच ती म्हणणार आणि घरचेही तेच म्हणणार. ग्लासगो येथे 1999 साली सुरू झालेल्या व्यवस्थेचे मर्म येथेच आहे. हाड मोडून आलेल्या प्रौढ रुग्णाला तेथे परिचारिकाच गाठते आणि त्याच्या अस्थिघनतेची तपासणी घडवून आणते. रुग्णाने आपण होऊन विचारावे, अशी अपेक्षा ठेवली जात नाही.

रुग्णाच्या साक्षीला खरे मोल आहे ते निदानाच्या नव्हे, पुढच्या जगण्याच्या बाबतीत. गोंदिया जिल्ह्यातील सौंदडसारखे गाव डोळ्यांसमोर आणावे. ते महामार्गावर आहे, गोंदिया–बल्लारशाह लोहमार्गावर त्याचे स्थानक आहे आणि गोंदियाला 2016 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. नकाशावर पाहता सारे सुलभ दिसते. परंतु खुब्याची शस्त्रक्रिया झालेल्या म्हातारीला आगगाडीच्या पायऱ्या चढवायच्या म्हणजे घरातील एका माणसाची दिवसाची मजुरी बुडवायची, आणि हंगामात ती बुडविणे परवडत नाही. कृत्रिम सांधा बसविल्यावर ‘उकिडवे बसू नका, जमिनीवर बसू नका’ असे सांगितले जाते. जिथे चूल, जेवण, निवडणे-टिपणे आणि शौच ही सारी जमिनीलगत चालतात, तिथे हा सल्ला पाळणे म्हणजे घरातील आपले स्थानच सोडणे होय. ‘ऐकत नाही’ अशी तिची संभावना करणाऱ्याने हे ध्यानी घेतले पाहिजे.

मुलाखतीचे शास्त्र येथे तोकडे पडते. ‘आपण उपचारांविषयी समाधानी आहात काय?’ या ग्रांथिक प्रश्नाला ‘बरे आहे’ असे उत्तर येते, आणि संशोधक ते समाधानाच्या रकान्यात टाकतो. वस्तुतः हा पाहुण्याला दिलेला शिष्टाचाराचा जबाब आहे. शिवाय पुष्कळदा तो मुलगा किंवा सून देते. आजी खाटेवरून ऐकत असते. मग रुग्णाचा दृष्टिकोन म्हणून जे छापले जाते तो नेमका कोणाचा? ‘आता जेवायला कुठे बसता?’ एवढा एक प्रश्न आजीला, तिच्याच बोलीत विचारला, तर रकान्यांत न मावणारे पुष्कळ हाती लागेल.

अशा ऐकण्याचा उपचारावरही परिणाम होऊ शकतो. आठवड्याची अ‍ॅलेन्ड्रोनेटची गोळी सकाळी उपाशीपोटी, पेलाभर पाण्याबरोबर घेऊन पुढे किमान अर्धा तास आडवे न होता काढावा लागतो. दुखत काहीच नसताना हा नेम महिनोन्‌महिने टिकणे कठीण. झोलेड्रोनिक आम्ल मात्र शिरेवाटे वर्षातून एकदाच द्यावे लागते. खुब्याच्या अस्थिभंगानंतर ते दिले असता नवे अस्थिभंग 35 टक्क्यांनी आणि मृत्यू 28 टक्क्यांनी घटले, असे 2007 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसून आले. मूत्रपिंडाचे कार्य आणि ड जीवनसत्त्व आधी पाहावे लागते, हे खरे. परंतु त्या चाचणीत पहिली मात्रा शस्त्रक्रियेनंतर 90 दिवसांच्या आत दिली होती. आणि सौंदडची म्हातारी गोंदियाच्या वाटेवर असते ती याच दिवसांत, टाके काढण्यासाठी आणि क्ष-किरण चित्र दाखविण्यासाठी.